आधी मूल, मग काम, शेवटी यंत्र : प्राथमिक वर्गात दिव्यांग मुलांसोबत तंत्रज्ञान वापरताना

शाळेला पहिला टॅब मिळाला तेव्हा माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. २६ मुलं, आणि त्यांतला एक मुलगा बोलत नव्हता. समजायचं त्याला सगळं. परिपाठाची घंटा झाली की सगळ्यांच्या आधी तो रांगेत उभा असायचा. मी उत्साहानं टॅबवर चित्रांतून बोलण्याचं एक ॲप उतरवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यासमोर ठेवलं. पडदाभर चित्रंच चित्रं. त्यानं दहा-बारा बटणं दाबली, आवाज ऐकून हसला आणि मग टॅब उलटा करून मागच्या कॅमेऱ्यावर बोट फिरवत बसला. तीन दिवसांनी टॅब कपाटात गेला आणि चार महिने तिथंच राहिला.

चूक माझी होती. मी सुरुवात यंत्रापासून केली होती. या मुलाला दिवसभरात काय काय सांगायचं असतं आणि त्यातलं काय सांगता येत नाही, हे मी एकदाही लिहून काढलं नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत जे जमलं ते क्रम बदलल्यामुळे जमलं. तोच क्रम इथं पायरीपायरीनं मांडते आहे. तुमच्याकडे स्मार्ट बोर्ड नाही, एक जुना फोन आहे, विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येतात आणि वर्गात इतर पंचवीस-तीस मुलं आहेत, असं धरूनच हे लिहिलं आहे.

पायरी १ : आठवडाभर फक्त बघा

अमेरिकेतल्या जॉय झबाला यांनी सहायक साधनं निवडण्यासाठी एक चौकट दिली. तिचा क्रम असा : मूल, परिसर, काम आणि सगळ्यात शेवटी साधन. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. शाळेला काहीतरी भेट मिळते आणि मग ते कोणासाठी वापरायचं, याचा शोध सुरू होतो.

एक वही घ्या. एका मुलासाठी चार पानं पुरतात. पाच दिवस तीनच गोष्टी टिपा : मूल आपलं आपण काय करतं, कुठं अडतं आणि अडल्यावर काय करतं. ‘अभ्यासात मागे आहे’ हे वाक्य वहीत नको, कारण त्यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘फळ्यावरचं उतरवायला घेतलं की दोन शब्दांनंतर डोळे चोळतो’, ‘हजेरीत नाव घेतलं तर बघत नाही, पण खिडकीबाहेर गाडी आली की बघतो’, ‘गोष्ट ऐकून सांगते, पण वाचून सांगता येत नाही’, अशी वाक्यं लिहा. शुक्रवारी वही उघडली की पुष्कळदा उत्तर त्यातच दिसतं. डोळे चोळणाऱ्या मुलाला ॲप लागत नाही, आधी नेत्रतपासणी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), अल्पदृष्टी असे वर्गात सहज नजरेआड होणारे प्रकारही येतात. प्राथमिक चाळणीसाठी एनसीईआरटी या राष्ट्रीय शिक्षण संशोधन संस्थेचं ‘प्रशस्त’ ॲप वापरता येतं. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा असतो, दुसरा विशेष शिक्षकांनी. ही फक्त चाळणी आहे, निदान डॉक्टरांचं. ॲपवर काही दिसलं म्हणून पालकांना परस्पर आजाराचं नाव सांगू नका. वहीतली वाक्यं सांगा आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा.

वही झाली की एकच काम निवडा आणि ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘दिवाळीपर्यंत त्याला पाणी, शौचालय आणि मदत या तीन गोष्टी स्वतः मागता याव्यात.’ हे वाक्य लिहून होईपर्यंत प्ले स्टोअर उघडायचं नाही.

पायरी २ : फोन मुलाच्या हातात देण्याआधी

शक्यतो सिम नसलेला वेगळा फोन किंवा टॅब वापरा. स्वतःचा फोन दिला की मधेच कार्यालयीन ग्रुपवर माहिती मागवली जाते, फोन वाजतो आणि मुलाचं लक्ष गेलं ते गेलं.

शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून हे करून घ्या. सगळ्या सूचना बंद करा. अक्षरांचा आणि पडद्यावरच्या चिन्हांचा आकार वाढवा. ‘टेक्स्ट टू स्पीच’च्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या, म्हणजे नेट नसतानाही फोन मराठी वाचेल. ‘ॲप पिनिंग’ सुरू करा. त्यामुळे एकच ॲप पडद्यावर अडकून राहतं आणि मूल चुकून यूट्यूबवर जात नाही. शेवटी नेट बंद करून ॲप चालतं का ते पाहा. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट नसतं. तेव्हा जे चालतं तेच वर्गाच्या कामाचं.

एक इशारा. ‘टॉकबॅक’ हे अंध व्यक्तींसाठी असलेलं पडदावाचक चुकून सुरू झालं तर फोन बिघडला असं वाटतं, कारण एकदा टेकवलं तर तो नुसता बोलतो आणि काही उघडत नाही. अशा वेळी एकदा टेकवून निवडायचं, दोनदा टेकवून उघडायचं आणि दोन बोटांनी पान सरकवायचं. आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबून धरली की बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक बंद-चालू होतं. ही खूण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

बोलता न येणारं मूल : तक्त्यापासून टॅबपर्यंत

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण याच ठिकाणी सगळ्यात मोठा फरक पडताना मी पाहिला आहे आणि सगळ्यात जास्त प्रयत्न अर्ध्यावर सुटतानाही इथंच दिसतात.

सुरुवात कागदानं करा. ए-फोर कागदावर दहा चौकोन आखा आणि त्यांत हे शब्द चित्रांसह घाला : हवं, नको, अजून, थांब, मदत, झालं, मी, तू, दे, चल. फळं, प्राणी, रंग यांची चित्रं घालण्याचा मोह आवरा. आंबा आणि हत्ती ओळखता आले म्हणून कोणाला स्वतःचं काही सांगता येत नाही. ‘अजून’ हा एक शब्द मात्र खिचडीला चालतो, झोक्याला चालतो, गाण्यालाही चालतो. ‘नको’ सगळ्यात महत्त्वाचा. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही ते ढकलतं, चावतं, पाटी फेकतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

तक्त्यावर घरातले शब्द असू द्या. घरी ‘पायजे’ म्हणत असतील तर चित्राखाली ‘पायजे’ लिहा. घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलत असतील तर आईला विचारून तिथला शब्द घ्या. मुलानं कानानं जो शब्द हजारदा ऐकला आहे तोच बोटाखाली हवा.

पहिले दोन आठवडे मुलाकडून काहीही मागू नका. तक्ता तुमच्या गळ्यात असू द्या आणि बोलताना तुम्हीच चित्राला बोट लावा. ‘पाणी हवं?’ म्हणताना ‘हवं’वर बोट. घंटा झाली की ‘झालं’वर बोट. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, मग ते पहिला शब्द काढतं. चित्रांच्या भाषेलाही तशीच ऐकवणूक लागते. ‘दाखव बघू, हवं कुठंय?’ अशी परीक्षा घेऊ नका. त्यानं तक्ता म्हणजे चाचणी असं मुलाच्या मनात बसतं.

तिसऱ्या आठवड्यापासून संधी निर्माण करा. झोका दोनदा देऊन थांबा. खडूची पेटी दिसेल पण हात पोचणार नाही, अशी ठेवा. विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. हे दहा अंक फार लांब वाटतात. शिक्षक म्हणून आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण दुसऱ्यांदा विचारतो आणि मुलाचा विचार तिथंच तुटतो. मुलानं चित्राला नुसता हात जरी लावला तरी तो शब्द मोठ्यानं म्हणा आणि मागितलेलं लगेच द्या.

आता टॅब. मराठीत चालणारं ‘जेलो’ हे ॲप आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालं आहे आणि ते मोफत आहे. त्यात मधे विषयांची चित्रं आणि कडेला सहा बटणं असतात : आवडतं, नावडतं, हो, नाही, जास्त, कमी. आधी एक चित्र, मग कडेचं एक बटण दाबलं की पूर्ण वाक्य ऐकू येतं. सुरुवातीला फक्त खाण्याचा आणि मदतीचा भाग वापरा. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हे याच प्रकारचं आणखी सविस्तर ॲप आहे, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. आधी जेलोवर मूल किती पुढं जातं ते पाहून मग त्याचा विचार करा.

चित्रांच्या जागा बदलू नका. मूल चित्र वाचत नाही, जागा लक्षात ठेवतं. आपणही टाइप करताना बोटांना जागा माहीत असते म्हणूनच करतो. आणि एक नियम सगळ्या शाळेनं पाळावा : बोलण्याचा टॅब शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही. गोंधळ घातला म्हणून कोणाची जीभ आपण काढून घेत नाही. मुलगा दिवसभर ‘नको’ दाबत बसला तरी चालेल. काही दिवसांनी त्याला कळतं की हा शब्द आता कायमचा आपला आहे, मग तो जपून वापरतो.

बोलकं यंत्र दिलं तर मूल बोलायचं शिकणारच नाही, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. तक्ता किंवा टॅब वापरल्यानं बोलणं थांबत नाही. उलट, काही मुलं ऐकून ऐकून शब्द काढायला लागतात, कारण आपलं ऐकलं जातं याचा त्यांना अनुभव आलेला असतो. आजी-आजोबा शाळेत आले तर मुलाला त्यांच्यासमोर काहीतरी मागू द्या. आपल्या बोलण्यापेक्षा ते जास्त पटतं.

वाचता येत नाही, पण समजतं

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला धडा ऐकवला तर तो उत्तरं देतो आणि तोच धडा वाचायला दिला तर पुस्तक मिटतो. अशा वेळी समज आणि वाचन या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. परिसर अभ्यासाच्या तासाला त्याला धडा ऐकू द्या. वाचनाचा सराव भाषेच्या तासाला, वेगळा.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. पण फोननं मजकूर वाचावा यासाठी तो खरा मजकूर हवा. पानाचा फोटो असेल तर पडदावाचक गप्प बसतो. दुसरी अडचण खास आपली. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. म्हणून शाळेतली प्रत्येक प्रश्नपत्रिका आणि प्रत्येक स्वाध्याय युनिकोडमध्येच, म्हणजे कोणतंही यंत्र मराठी म्हणून ओळखेल अशा अक्षरांत, टाइप करा. एवढं केलं तरी पुढची कित्येक वर्षं तो मजकूर कोणत्याही अंध किंवा वाचन अडणाऱ्या मुलाला ऐकता येईल.

अँड्रॉइडमधलं ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा. मूल ज्या परिच्छेदावर बोट ठेवेल तो फोन वाचतो. वेग कमी ठेवा. आदल्या दिवशी स्वतः ऐकून घ्या, कारण यंत्राचा उच्चार कधी घसरतो. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, लिहिण्यात दोन्ही सारखेच, त्यामुळे यंत्र अडखळतं. जिथं उच्चार चुकतो तो परिच्छेद तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. खरं सांगायचं तर पहिली-दुसरीच्या मुलांना बाईंचा नाहीतर आजीचा आवाज यंत्रापेक्षा कितीतरी बरा लागतो. फोनमधला साधा रेकॉर्डर, प्रत्येक धड्याची एक फाइल, फाइलला धड्याचं नाव. महिनाभरात तुमचं स्वतःचं ऐकण्याचं पुस्तक तयार होतं. चौथीतल्या चांगलं वाचणाऱ्या मुलांना हे काम द्या, ती जीव ओतून करतात.

वाचनाच्या सरावासाठी पडद्यावर एका वेळी एकच ओळ दिसू द्या. अक्षर मोठं, ओळींमध्ये भरपूर जागा. जोडाक्षर फोडून दाखवायचं असेल तर टाइप करताना पाय मोडलेलं अक्षर आणि पुढचं अक्षर आधी सुटं दाखवा, मग जोडलेलं : क्, त, मग क्त. मुलाला हे जोडणं स्वतःच्या बोटानं करू द्या. भक्त, रक्त, शक्ती या शब्दांतला एकच ‘क्त’ आठवडाभर पुरतो.

लिहायला अडत असेल तर मराठी कळफलकावरचा माईक वापरून मुलाला उत्तर बोलू द्या. यंत्र जे लिहितं त्यात चुका असतात. त्या दुरुस्त करणं हाच मुलाचा लेखनाचा सराव. पंधरा ओळी हातानं काढताना हरणारं मूल तीन शब्द दुरुस्त करताना टिकतं.

ऐकू न येणारं मूल

श्रवणयंत्र असेल तर दिवसाची सुरुवात तिथून. परिपाठ झाला की मुलाच्या मागं उभं राहून, तोंड दिसू न देता सहा आवाज काढा : आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग या तज्ज्ञांच्या नावानं ही ‘लिंग यांची सहा ध्वनींची तपासणी’ म्हणून ओळखली जाते. बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज या सहांत येतात. मूल प्रत्येक आवाजाला हात वर करतं किंवा मणी टाकतं. काल ‘स’ ऐकू आला आणि आज नाही, तर बॅटरी, कानातला साचा किंवा यंत्र यांत काहीतरी बिनसलं आहे. मिनिटभराचं काम आहे, आणि ते टळलं तर मूल अख्खा दिवस अर्धवट ऐकत बसतं.

यंत्रातल्या झिंक-एअर बॅटऱ्यांवर रंगीत कागद असतो : १३ नंबरला नारिंगी, ६७५ला निळा. तो काढला की हवा लागून बॅटरी सुरू होते, मग वापरा अगर न वापरा. म्हणून कागद आधी काढून ठेवू नका. काढल्यावर मिनिटभर थांबून बसवा. कोकणात पावसाळ्यात यंत्रांत ओल शिरते; रात्री सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या डब्यात ठेवायला पालकांना सांगा. जुन्या बॅटऱ्या मोजून परत घ्या. लहान भावंडानं बटणाएवढी बॅटरी गिळली तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण गोंगाटही वाढवतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, तेव्हा मुलाला पुढं, तुमच्यापासून तीन-चार फुटांवर बसवा. बाकांच्या पायांना जुन्या चपलांच्या रबराचे तुकडे लावा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, चेहरा काळोखा दिसतो. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि याशिवाय महागडं यंत्रही पुरं पडत नाही.

वाचता येणाऱ्या मोठ्या मुलासाठी गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. नेट लागणार असं धरूनच चाला. गोंगाटात ते चुकतं, म्हणून फोन बोलणाऱ्याजवळ ठेवा. खुणांसाठी दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचं ‘साइन लर्न’ ॲप आहे. त्यात सुमारे १०,००० शब्दांच्या खुणा चित्रफितीत दिसतात. शब्द हिंदी-इंग्रजीत असतात, मराठी अर्थ तुम्हाला शोधावा लागतो. रोज परिपाठात पूर्ण वर्गानं एक खूण शिकायची. वर्षाअखेर दोनशेच्या वर खुणा होतात आणि मधल्या सुट्टीत ते मूल एकटं उरत नाही. वर्गात मी आजवर केलेल्या कामांत याचं समाधान मला सगळ्यात जास्त आहे.

न दिसणारं किंवा कमी दिसणारं मूल

अल्पदृष्टी असेल तर फोनचा कॅमेरा हाच भिंग. फळ्याचा फोटो काढून मुलाला त्याच्या हातात, त्याला हवा तेवढा मोठा करून पाहू द्या. ‘मॅग्निफिकेशन’ सुरू केलं तर पडद्यावर तीनदा टेकवून कोणताही भाग मोठा होतो. काही मुलांना काळ्यावर पांढरं बरं दिसतं, काहींना उलट, मुलालाच विचारा.

अंध मुलासाठी टॉकबॅक आणि मराठी आवाज. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकं मिळतात, मराठीही. नोंदणीसाठी विशेष शिक्षकांची मदत घ्या. पण ऐकण्याची सोय झाली म्हणून ब्रेल सोडू नका. फक्त ऐकणाऱ्या मुलाला ‘पाणी’मधला णी दीर्घ आहे, हे कधीच कळत नाही. शुद्धलेखन बोटांनीच शिकावं लागतं.

हात साथ देत नाहीत तेव्हा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसलेल्या, मुलाचा तळहात पडद्यावर टेकतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. आधी बसण्याची जागा नीट करा : पाय टेकलेले, पाठीला आधार, कोपर टेबलावर. मग ‘टच अँड होल्ड डिले’, म्हणजे बोट किती वेळ टेकलं की फोननं ते ‘दाबून धरलं’ असं मानायचं तो वेळ, लांब करा. जाड पुठ्ठ्याला चित्रांच्या जागी भोकं पाडून तो पडद्यावर बसवा, म्हणजे हात पुठ्ठ्यावर टेकतो आणि बोट भोकातून पोचतं.

त्याहून साधा उपाय म्हणजे ओटीजी जोडणी. बोटभर आकाराच्या, स्वस्तातल्या त्या वायरीनं संगणकाचा माउस अँड्रॉइड फोनला जोडता येतो आणि पडद्यावर बाण दिसतो. माउसचं उजवं बटण दाबलं तर फोन बहुधा मागच्या पानावर जातो, म्हणून त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. माउस टेबलाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं बांधून बाण तुम्ही हव्या त्या उत्तरावर नेऊन ठेवा. दाबायचं काम मुलाचं. एका मुलीनं असं पहिल्यांदा स्वतः गाणं सुरू केलं तेव्हा तिनं ते सतरा वेळा बंद करून पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी आम्ही दुसरं काही शिकवलं नाही.

या मुलांपैकी अनेकांना अपस्मार (फिट येणं) असतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी चित्रफीत त्यांना दाखवू नका, पालकांना झटक्यांबद्दल आधी विचारा.

दिवस कसा जाणार हे माहीत हवं

स्वमग्न मुलाला पुढं काय होणार हे कळलं नाही की तो घाबरतो. फोननं तुमच्याच शाळेतले फोटो काढा : परिपाठाची रांग, हात धुण्याचा नळ, खिचडीचं ताट, खेळाचं मैदान, घरी जाण्याचं फाटक. नेटवरची चित्रं नकोत, त्यातली शाळा त्याची नसते. फोटो छापून एका पट्टीवर क्रमानं लावा. झालेलं काम उलटं करायचं. काम बदलण्याआधी पाच मिनिटांचा टायमर दाखवा, पण गजराचा आवाज आधी त्याला ऐकवून मऊ निवडा.

हात धुणं, चप्पल लावणं अशा कामांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढा. त्यात वर्गातलंच मूल असावं, पाठीमागं गर्दी नको, बोलणं नको. रोज कामाच्या ऐन आधी एकदा दाखवा.

एक फोन, तीस मुलं

२०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना मिळाला. पुस्तकावर क्यूआर कोड लावण्याचं त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. आज आपल्या पाठ्यपुस्तकांत ते कोड छापूनच येतात आणि दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपनं उघडतात. त्यांतली चित्रफीत घरी नेटवर आदल्या रात्री उतरवून घ्या. वर्गात दर मिनिटाला थांबवून ‘आता काय होईल?’ विचारा, सलग लावलेली चित्रफीत मुलं बघतात, शिकत नाहीत.

वर्गाचे चार गट करा आणि फोन एका गटाकडे पंधरा मिनिटं. दिव्यांग मूल त्याच गटात, इतरांबरोबर. त्याला एकट्याला कोपऱ्यात टॅब देऊन बसवणं मला मान्य नाही. मग त्याचं काम होत नाही आणि सोबतही मिळत नाही. गटात फोन धरण्याचं काम रोज वेगळ्या मुलाचं.

फोटो, नावं आणि संमती

दिव्यांग मुलाचा फोटो किंवा चित्रफीत कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, भेटीला आलेल्यांसाठीही नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ॲपमध्ये मुलाचं खरं नाव न घालता वर्गातला क्रमांक घाला. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नसेल तर संमतीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवा. नको म्हणाले तर त्यांच्याशी तसेच प्रेमानं वागा.

नोंद आणि हस्तांतरण

रोज एक खूण पुरे : मदतीशिवाय केलं तर बरोबर, मदतीनं केलं तर गोल. दोन आठवड्यांत सगळे गोलच असतील तर मूल कमी पडलं असं नसतं. काम मोठं आहे किंवा साधन चुकीचं. काम अर्धं करा. तरीही हललं नाही तर साधन बदला. पालकांना आठवड्यातून एकदा आवाजी निरोप पाठवा, त्यात घरी करायची एकच गोष्ट सांगा. वडील फोन घेऊन कामाला जातात, तेव्हा घरी कागदी तक्ताच चालतो हे विसरू नका.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका कागदावर लिहा : कोणतं ॲप, टॅबचा पासवर्ड, मुलाला आता येणारे शब्द, बसण्याची जागा, घाबरवणारे आवाज आणि काय चाललं नाही तेही. वर्ग बदलला की हा कागद हरवतो आणि जूनमध्ये मूल पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहतं. तक्त्याच्या तीन प्रती काढा. एक घरी, एक पुढच्या वर्गशिक्षकांकडे आणि एक खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे. आमचा तो दुसरीतला मुलगा आता चौथीत आहे, आणि ‘अजून’वर सगळ्यात जास्त वेळा बोट तो तिथंच ठेवतो.